नाव, मूल्य आणि मांडणी : वेबपानावरील तपशीलयादीचा इतिहास

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून चंद्रयान-३ अवकाशात झेपावले. त्या मोहिमेविषयी इस्रोने प्रसिद्ध केलेल्या माहितीत एक तपशीलयादी आहे. प्रणोदन विभागाचे वस्तुमान २१४८ किलोग्रॅम, रोव्हरसह लँडरचे वस्तुमान १७५२ किलोग्रॅम, त्यात रोव्हर २६ किलोग्रॅमचा, एकूण वस्तुमान ३९०० किलोग्रॅम. वीजनिर्मिती प्रणोदन विभागात ७५८ वॅट, लँडरमध्ये ७३८ वॅट आणि रोव्हरमध्ये ५० वॅट. त्या काळात शाळकरी मुलांपासून वृत्तपत्रांच्या संपादकांपर्यंत असंख्य लोकांनी हे आकडे वाचले आणि उतरवून घेतले.

अशा यादीचे काम एकच असते. ७५८ हा आकडा कोणाचा आणि ७३८ कोणाचा, याविषयी वाचकाच्या मनात क्षणभरही संदेह राहू नये. छापील पानावर हे काम जुळारी करीत असे. स्तंभांची रुंदी तो एकदा ठरवी आणि पान छापून झाले की ती मांडणी कायमची पक्की होई. वेबपानाला मात्र स्वतःची ठरलेली रुंदी नसते. तेच पान संगणकाच्या रुंद पडद्यावर, हाताएवढ्या फोनवर आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या कानात उतरते. या तिन्ही ठिकाणी नाव आणि मूल्य यांची जोडी अभंग कशी ठेवायची, हा प्रश्न वेबइतकाच जुना आहे. त्याच्या उत्तरासाठी सुमारे तीन दशके खर्ची पडली.

एका शब्दकोशी यादीचा जन्म

१९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी दस्तऐवजांसाठी एक खूणपद्धती सिद्ध केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती जीएमएल या नावाने ओळखली गेली. मजकुराचा प्रत्येक भाग ‘कसा दिसावा’ हे न लिहिता तो ‘काय आहे’ हे लिहावे, हा तिचा गाभा होता. ही ओळ ठळक छापा, अशी सूचना देण्याऐवजी ही ओळ शीर्षक आहे, एवढेच सांगायचे. तिचे रूप नंतर ठरवता येते. या विचारातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आकाराला आले. जीनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतही दस्तऐवजांसाठी या परंपरेतील खुणा वापरात होत्या.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्नमध्येच वेबची कल्पना मांडली. एचटीएमएल ही तिची भाषा घडवताना त्यांनी या खुणांपैकी अनेक जशाच्या तशा उचलल्या. त्यांत तीन खुणा यादीच्या एका खास प्रकारासाठी होत्या : संपूर्ण यादीसाठी डीएल, संज्ञेसाठी डीटी आणि तिच्या स्पष्टीकरणासाठी डीडी. मूळ हेतू शब्दार्थांच्या यादीचा होता. परंतु संज्ञा आणि तिचा अर्थ यांच्यातील नाते हेच गुणधर्म आणि त्याचे मूल्य यांच्यातही असते. ‘वस्तुमान’ ही संज्ञा धरली, तर ‘३९०० किलोग्रॅम’ हे तिचे स्पष्टीकरण ठरते. तपशीलयादीसाठी लागणारी अर्थरचना अशा रीतीने वेबच्या आरंभापासूनच उपलब्ध होती.

उणीव रूपाची होती. ब्राउझर संज्ञा एका ओळीवर दाखवी आणि स्पष्टीकरण पुढच्या ओळीवर थोडे आत सरकवून. आजही कोणतीही शैली न दिल्यास ते असेच दिसते. दहा गुणधर्मांची यादी वीस ओळी व्यापते आणि डोळ्यांना डावीकडून उजवीकडे सरळ जाता येत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये नोंदवल्या गेलेल्या एचटीएमएल २.० मध्ये यादी आटोपशीर दाखवण्याची विनंती करणारा ‘कॉम्पॅक्ट’ नावाचा गुणधर्म होता. पण यादी किती आटोपशीर आणि कशी दाखवायची, हे ब्राउझरच्या मर्जीवर सोडलेले होते.

सारण्यांचे साम्राज्य

१९९३ मध्ये मोझाइक ब्राउझर आला आणि वेब प्रयोगशाळांच्या भिंतींबाहेर पडले. आता पाने तयार करणाऱ्यांत वैज्ञानिकांबरोबर जाहिरातदार, प्रकाशक आणि दुकानदार होते. त्यांना रंग हवे होते, स्तंभ हवे होते आणि अक्षरांचा आकार स्वतः ठरवायचा होता. एचटीएमएलने यांपैकी काहीच देऊ केले नव्हते. मग नेटस्केपने फॉन्ट आणि सेंटर यांसारख्या नव्या खुणा ब्राउझरमध्ये घातल्या, १९९५ मध्ये सारण्याही दाखवण्यास प्रारंभ केला, आणि पाने रचणाऱ्यांनी त्यांवर उडी घेतली.

सारणी ही आकडेवारीसाठी होती. ती पाहता पाहता पानाचा सांगाडा झाली. एका रकान्यात दुसरी सारणी, तिच्या रकान्यात तिसरी, आणि मधली जागा राखण्यासाठी एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ताणून बसवलेले, ही त्या काळातील रूढ कारागिरी होती. तपशीलयादीसाठीही हाच मार्ग वापरला जाई. त्याची सर्वांत घातक आवृत्ती अशी : दोन मोठे रकाने करायचे, डावीकडे सगळी नावे एकाखाली एक ओळी तोडून लिहायची आणि उजवीकडे सगळी मूल्ये. पडद्यावर हे नीटनेटके दिसे. एखादे लांब नाव दोन ओळींत मोडले, की त्याच्या खालची सर्व मूल्ये एका ओळीने चुकीच्या नावासमोर येत. मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली तर आधी सगळी नावे आणि नंतर सगळे आकडे वाची. ऐकणाऱ्यापुढे आकड्यांचा ढीग उरे. कोणता आकडा कोणाचा, हे त्याला कळण्याचा मार्ग नसे.

शैली वेगळी काढण्याचा प्रस्ताव

रूप आणि आशय पुन्हा वेगळे करावेत, हा विचार अनेकांच्या मनात होता. पेइ वेइ यांच्या व्हायोला ब्राउझरमध्ये शैलीपत्रकाची स्वतंत्र सोय होती. बर्ट बॉस आपल्या आर्गो या ब्राउझरसाठी अशीच पद्धत घडवत होते. १० ऑक्टोबर १९९४ रोजी, त्या वेळी सर्नमध्ये काम करणारे नॉर्वेचे हाकोन व्हियम ली यांनी एचटीएमएलसाठी कॅस्केडिंग स्टाइलशीट्सचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. तीनच दिवसांनी नेटस्केपने आपला पहिला ब्राउझर लोकांसाठी खुला केल्याची घोषणा केली. पुढील काही वर्षांचा संघर्ष या दोन तारखांत सामावला आहे.

प्रस्तावाच्या नावातील ‘कॅस्केड’ हा शब्द महत्त्वाचा होता. पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून उतरावे तसे शैलीचे नियम अनेक उगमांतून पानापर्यंत उतरतात : ब्राउझरचे मूळ नियम, लेखकाचे नियम आणि वाचकाचे स्वतःचे नियम. मूळ आराखड्यात कोणाच्या नियमाचा किती टक्के प्रभाव असावा, हेही लिहिण्याची सोय होती. टक्केवारी पुढे गळाली. पण वाचकालाही रूपावर काही अधिकार आहे, हे तत्त्व टिकले. मंद दृष्टीच्या वाचकाने अक्षरे मोठी करावीत आणि तरीही पान मोडू नये, ही अपेक्षा याच तत्त्वातून येते.

ली आणि बॉस यांनी एकत्र काम करून सीएसएसची पहिली पातळी पूर्ण केली. १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. १२ मे १९९८ रोजी दुसरी पातळी आली, आणि तिच्यात तपशीलयादीसाठी जणू मुद्दाम घडवलेला एक नियम होता. ‘डिस्प्ले’ या गुणधर्माला ‘कॉम्पॅक्ट’ हे मूल्य दिले, की संज्ञा छोटी असल्यास ती स्पष्टीकरणाच्या डाव्या समासात त्याच ओळीवर बसे आणि लांब असल्यास स्वतंत्र ओळ घेई. मानकातील उदाहरणही डीटी आणि डीडी यांचेच होते.

कागदावर प्रश्न सुटला होता. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी तो नियम पुरेशा प्रमाणात अमलात आणला नाही आणि दुसऱ्या पातळीच्या सुधारित आवृत्तीतून तो वगळला गेला. ही सुधारित आवृत्ती, सीएसएस २.१, अंतिम शिफारस होण्यास जून २०११ उजाडला. मानक लिहिणे आणि ते पाळले जाणे यांत किती अंतर असते, हे या कालावधीवरून ध्यानात येते.

कसोटीचे पान

१९९८ मध्ये टॉड फारनर यांनी ब्राउझरांची परीक्षा घेणारे एक छोटे पान तयार केले. पुढे ते ‘ॲसिड’ कसोटी म्हणून प्रसिद्ध झाले. रंगीत चौकटींचे ते चित्र बिंदूबिंदूपर्यंत जुळते की नाही, यावरून ब्राउझरला सीएसएस समजते की नाही हे ठरे. त्या पानाच्या पोटात एक डीएल यादी आहे. तिची संज्ञा डावीकडे तरंगती ठेवली आहे आणि स्पष्टीकरण उजवीकडे. वेबच्या इतिहासातील पहिली गाजलेली रचना-परीक्षा ज्या सांगाड्यावर उभी होती, तो म्हणजे नाव आणि मूल्य शेजारीशेजारी ठेवण्याचा प्रश्न.

‘फ्लोट’ म्हणजे तरंगते ठेवणे हा नियम मुळात चित्राभोवती मजकूर वाहावा यासाठी होता. पण ‘कॉम्पॅक्ट’ मिळाला नाही, म्हणून पाने रचणाऱ्यांनी त्याचाच आधार घेतला. संज्ञेला ठरावीक रुंदी देऊन डावीकडे तरंगत ठेवायची आणि स्पष्टीकरणाला तेवढाच डावा समास द्यायचा. सर्व नावे छोटी असेपर्यंत यादी सुबक दिसे. एखादे नाव दोन ओळींचे आणि त्याचे मूल्य एका ओळीचे असले, की पुढची संज्ञा आधीच्या संज्ञेला अडखळून भलत्या जागी थांबे. ते टाळण्यासाठी आणखी नियम लिहावे लागत. तरीही सारणीच्या तुलनेत एक मोठा लाभ होता : दिसणे बिघडले तरी मूळ मजकुरात प्रत्येक नावानंतर त्याचेच मूल्य येई. ऐकणाऱ्याला यादी शुद्धच मिळे.

भारतीय लिप्यांचा वेगळा प्रवास

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. इंग्रजी पानांचा प्रश्न रूप आणि आशय एकमेकांत मिसळल्याचा होता. भारतीय भाषांच्या पानांवर तर आशयच फॉन्टमध्ये अडकला होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली होती, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावर आधारलेली होती. परंतु वेबवर अनेक प्रकाशने आपापल्या फॉन्टची खासगी संकेतप्रणाली वापरीत. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे. विशिष्ट फॉन्ट लावला की तीच माळ देवनागरी, बंगाली किंवा तमिळ दिसे. तो फॉन्ट नसला, की वाचकाच्या हाती चिन्हांचा गोंधळ येई. असे पान शोधयंत्राला सापडत नसे आणि त्यातील भाषा वाचून दाखवणेही शक्य नसे. स्टाइलशीटमधून फॉन्ट पानाबरोबर पाठवण्याची युक्ती निघाली, पण ती सर्व ब्राउझरांत सारखी चालत नव्हती.

युनिकोडचा प्रसार झाल्यावर हा गुंता सुटला आणि शैलीपत्रकाचे तत्त्व भारतीय लिप्यांनाही खऱ्या अर्थाने लागू झाले. तेव्हा त्या मानकांतील उणिवा दिसू लागल्या. १९९८ च्या सीएसएसमध्ये यादीच्या ओळींना हिब्रू, आर्मेनियन, जॉर्जियन आणि जपानी पद्धतीचे क्रमांक देता येत होते. एकाही भारतीय लिपीचे अंक त्या यादीत नव्हते. क्रमांकांसाठी पुढे लिहिल्या गेलेल्या स्वतंत्र मानकात देवनागरी, बंगाली, गुजराती, गुरमुखी, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या सर्वांना स्थान मिळाले. आज देवनागरी यादीपुढे १, २, ३ हवे असल्यास ते हाताने लिहावे लागत नाहीत. स्टाइलशीटमध्ये एक शब्द पुरतो आणि मधली ओळ काढली तरी क्रम आपोआप जुळतो.

दुसरा प्रश्न अक्षराच्या स्वरूपाचा होता. रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते, देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करायचे, तर रोमनमध्ये त्याचा पाया खालच्या ओळीशी जुळवतात. देवनागरीत शिरोरेषा वरच्या ओळीशी जुळायला हवी. शिवाय ‘स्त्री’ या शब्दाचे पहिले अक्षर म्हणजे ‘स’ नव्हे, संपूर्ण जोडाक्षर. अशा गरजा नोंदवणारा भारतीय लिप्यांच्या मांडणीविषयीचा मसुदा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि सीएसएसमध्ये लटकत्या अक्षरांच्या जुळणीची संकल्पना समाविष्ट झाली.

कोणासाठी हा खटाटोप?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख आहे. यांतील जो विद्यार्थी विज्ञान शिकू पाहतो, त्याच्यासाठी वेबपान हा अनेकदा एकमेव असा ग्रंथ असतो, जो दुसऱ्या कोणाच्या मदतीवाचून वाचता येतो. स्क्रीन रीडर त्याला पान वाचून दाखवतो; पण तो पडद्यावरचे चित्र पाहत नाही, खुणा वाचतो. डीएल यादी आढळली तर तो यादी सुरू झाल्याचे सांगू शकतो आणि प्रत्येक नावाबरोबर त्याचे मूल्य देतो. नुसती जागा सोडून आणि ठळक अक्षरे वापरून केलेली यादी त्याच्या लेखी यादीच नसते.

मे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब-सुगम्यतेच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एक सोपी अट होती : स्टाइलशीट काढून टाकली तरी दस्तऐवज वाचता आला पाहिजे. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे माहितीची सुगम्यता हा कायदेशीर हक्काचा विषय झाला. ज्या गोष्टीची सुरुवात मुद्रणसौंदर्य म्हणून झाली होती, ती आता नागरिकाच्या अधिकाराशी जोडली गेली आहे.

आजची सुबक यादी

२०१४ मध्ये मानक झालेल्या एचटीएमएल ५ ने डीएलची व्याख्या रुंदावली. ती केवळ शब्दार्थांची यादी राहिली नाही. नाव आणि मूल्य यांच्या गटांची वर्णनयादी झाली. तपशीलयादीला तिचे हक्काचे घर मिळाले. डिसेंबर २०१७ च्या ५.२ आवृत्तीने आणखी एक अडचण दूर केली. तोवर डीएलच्या आत संज्ञा आणि स्पष्टीकरणे सुटी सुटीच लिहावी लागत, त्यामुळे एका जोडीभोवती रेघ किंवा पार्श्वभूमी देता येत नसे. आता प्रत्येक जोडी डिव्ह या खुणेत गुंडाळण्यास मान्यता मिळाली.

त्याच वर्षी, मार्च २०१७ पासून, प्रमुख ब्राउझरांत ‘ग्रिड’ ही जाळीरचना एकापाठोपाठ उपलब्ध झाली. तिच्यामुळे यादीला दोन स्तंभ देणे अगदी सोपे झाले : डावा स्तंभ सर्वांत लांब नावाएवढा रुंद, उजवा स्तंभ उरलेल्या जागेएवढा. नाव दोन ओळींत मोडले तर त्याच्या शेजारचा रकानाही तेवढाच उंच होतो आणि पुढची जोडी नव्या ओळीवर सुरू होते. फ्लोटच्या काळातील अडखळणे संपले. जोड्या डिव्हमध्ये गुंडाळल्यावर प्रत्येक जोडीची जाळी वेगळी होई आणि स्तंभ एकमेकांशी जुळत नसत. त्यावरचा उपाय ‘सबग्रिड’ हा होता. त्यात आतील जाळी बाहेरील जाळीच्या रेषा वापरते. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमनेही तो स्वीकारला आणि तो सर्व मुख्य ब्राउझरांत पोहोचला. विक्रम लँडर चंद्रावर उतरून तेव्हा महिनाही झाला नव्हता.

अरुंद फोनवर दोन स्तंभ दाटीचे होतात. तेथे पडद्याची रुंदी पाहून नियम बदलता येतो : नाव वर, मूल्य खाली. मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही. मात्र ग्रिडच्या साहाय्याने पडद्यावरचा क्रम मूळ क्रमापेक्षा वेगळा करता येतो, आणि तो मोह टाळला पाहिजे. डोळ्यांना एक क्रम आणि कानांना दुसरा, अशी फसगत त्यातून होते.

काही प्रश्न अजून शिल्लक आहेत. सर्व अंक समान रुंदीचे दाखवण्याची सोय आज आहे, बशर्ते फॉन्टमध्ये तसे अंक असले पाहिजेत. पण वेगवेगळ्या लांबीचे आकडे दशांशचिन्हावर जुळवणे, जे टंकलेखकाच्या काळातही साधत असे, ते १९९७ च्या एचटीएमएल ४ ने आणि १९९८ च्या सीएसएसने सुचवूनही ब्राउझरांत रुजले नाही.

आकडा आणि त्याचे एकक यांची ताटातूट होऊ नये, याची काळजीही लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते. ‘२६’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘किलोग्रॅम’ पुढच्या ओळीवर, असे होऊ न देण्यासाठी न तुटणारी मोकळी जागा वापरतात. एकक हरवण्याची किंमत अवकाशविज्ञानाला ठाऊक आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एका संगणक प्रणालीने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले होते आणि ते वापरणाऱ्या प्रणालीने न्यूटन-सेकंद गृहीत धरले होते. तो दोष वेबपानाच्या मांडणीचा नव्हता. तरीही एककावाचून आकडा म्हणजे माहिती नव्हे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

विज्ञानविषयक पान तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला या इतिहासातून एक साधी परीक्षा घेता येईल. पान तयार झाल्यावर स्टाइलशीट बंद करावी. रंग जातील, स्तंभ जातील, समास जातील. उरलेला मजकूर वरून खाली वाचत जावा. प्रत्येक नावापाठोपाठ त्याचेच मूल्य आणि प्रत्येक मूल्यापाठोपाठ त्याचेच एकक येत असेल, तर यादी बरोबर लिहिली गेली आहे. मग स्टाइलशीट पुन्हा सुरू करावी आणि निश्चिंतपणे तिला सजवावे.